अमरावती-अकोल्याच्या गल्ल्यांचा नकाशा

राकेश आणि रश्मी वर्मा या दांपत्याने १९९५ मध्ये दिल्लीत नकाशांचा उद्योग सुरू केला. त्यांच्या सुरुवातीच्या मोठ्या ग्राहकांत कोका-कोला होती. दुकाने कुठे आहेत आणि मालाची गाडी कुठून न्यायची, हे तिला जाणून घ्यायचे होते. २००४ मध्ये त्यांचे नकाशे संकेतस्थळावर आले, पुढे मोटारींत पोचले आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यांची कंपनी 'मॅपमायइंडिया' शेअर बाजारात दाखल झाली. ही मोठी कामगिरी आहे. ज्या देशात सर्वेक्षण खाते १७६७ पासून आहे, तिथे सामान्य माणसाच्या हाती शहराचा नकाशा येण्यात अशा खासगी कंपन्यांचा वाटा फार मोठा आहे.

पण कंपनी आधी तिथेच जाते, जिथे गिऱ्हाईक असते. गूगलचे 'स्ट्रीट व्ह्यू' जुलै २०२२ मध्ये देशातल्या दहा शहरांत सुरू झाले. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर त्यांत होती; अमरावती-अकोला धरून वऱ्हाडातले एकही शहर नव्हते.

अमरावतीत परकोटाच्या आतला पत्ता आजही जवाहर गेट, अंबागेट, खोलापुरी गेट यांच्या खुणेनेच सांगितला जातो. अकोल्यात मोर्णा नदीपलीकडच्या जुन्या शहरातही तेच. नव्या वस्तीत तर शेताचे ले-आऊट पडते, प्लॉट विकले जातात, घरे उभी राहतात आणि गल्लीला नावच नसते. नझूलची शीट आणि प्लॉट नंबर खरेदीखतात असतो, पण रात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करणाऱ्याला त्याचा काय उपयोग? तो म्हणतो, "पाण्याच्या टाकीजवळ या, मी माणूस उभा करतो." तेवढ्यात जाणारा वेळ रुग्णाचा असतो.

हे काम महापालिकांचे आहे. रस्त्यांना नावे आणि घरांना क्रमांक देणे हे १९४९ च्या महापालिका अधिनियमाने त्यांच्या बंधनकारक कर्तव्यांत घातले आहे. कच्चा माल हाताशीच आहे: नगर भूमापनाच्या शीट, विकास आराखडा, मालमत्ता कराची नोंद. नकाशांवरची परवानग्यांची जाचक बंधनेही केंद्राने १५ फेब्रुवारी २०२१ ला उठवली. दोन्ही महापालिकांनी प्रभागवार, मराठीतला, गल्ली आणि घर क्रमांकासह नकाशा तयार करावा, सर्वांना फुकट खुला करावा आणि दरवर्षी सुधारावा. कंपन्यांनी तो खुशाल उचलावा. त्यांच्या नकाशातली नावे तरी बरोबर होतील.

सुरुवात जुन्या शहरापासून व्हावी. ले-आऊटच्या नोंदी कागदावर आहेत, त्या उद्याही सापडतील. परकोटातल्या आणि मोर्णाकाठच्या बोळांची नावे मात्र तिथल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक आहेत. प्रभागातल्या शिक्षकांना आणि कॉलेजच्या मुलांना सोबत घेऊन ती याच हिवाळ्यात लिहून घ्यावीत.