संगीतोपचार : गळा हवा, पण तेवढ्यावर भागत नाही

पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या रुग्णाला कधी कधी ‘पाणी’ एवढा शब्दही उच्चारता येत नाही. लहानपणापासून पाठ असलेली आरती मात्र तो शब्दांसकट म्हणतो. घरच्यांना हा चमत्कार वाटतो. बोलण्याची केंद्रे बहुतेकांमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला असतात, गाण्यात उजवी बाजूही बरीच कामाला लागते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. १९७३ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी या अनुभवाला उपचाराचे रूप दिले. रोजची छोटी वाक्ये चालीत म्हणवून घ्यायची, डाव्या हाताने ताल धरायला लावायचा आणि मग चाल हळूहळू काढून घ्यायची. पार्किन्सनच्या रुग्णाला ठरावीक ठोक्यावर पावले टाकायला शिकवणे हेही याच जातीचे काम.

बारावीनंतर ‘म्युझिक थेरपी’कडे वळू पाहणाऱ्यांनी आधी हे काम जवळून पाहावे. इथे मैफल नसते. एकच वाक्य चाळीसदा म्हणवून घ्यावे लागते, काय बदलले याची नोंद ठेवावी लागते आणि रुग्ण थकला की थांबावे लागते. तो बेसूर गायला तरी बिघडत नाही. अमुक रोगावर तमुक राग असे तक्ते मोबाइलवर फिरतात, त्यांना भक्कम पुरावा नाही. रक्तदाबाची गोळी बंद करून राग ऐकायला सांगणाऱ्याला उपचारक म्हणता येत नाही.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांच्या रुग्णालयांत या शाखेने मूळ धरले. तिथे आज पदवीच्या जोडीला १२०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. ब्रिटनमध्ये नोंदणीशिवाय हे बिरुद लावताच येत नाही. आपल्या पुनर्वसन परिषदेच्या नोंदणीत वाचा-उपचारतज्ज्ञ आहे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे, संगीतोपचारक नाही. म्हणून चार शनिवार-रविवारचे वर्ग करून कोणीही पाटी लावतो. यात रुग्ण फसतो, आणि अशा वर्गांची फी भरणारे पालकही.

मुलाला खरेच ओढ असेल, तर आधी मानसशास्त्र, व्यवसायोपचार किंवा वाचा-उपचार यांपैकी एखादी मान्यताप्राप्त पदवी घ्यावी; रियाज सोडू नये. संगीतोपचाराचे शिक्षण त्यानंतर. वर्षे जास्त जातात, पण नोकरीची जाहिरात निघते ती त्या पहिल्या पदवीसाठी. आणि संगीतोपचाराच्या कुठल्याही वर्गाची फी भरण्यापूर्वी तिथे विचारावे, की रुग्णांसोबत प्रत्यक्ष किती तास काम करायला मिळेल आणि ते कोणाच्या देखरेखीखाली.