पत्र कोणाचे आणलेत?

उच्च शिक्षण विभागाच्या विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयात, म्हणजे प्राध्यापकांच्या बोलीत 'जेडी ऑफिसा'त, स्थाननिश्चितीची किंवा थकबाकीची फाइल अडकली की दोन वाटा उरतात. एक प्राचार्यांमार्फत जाते: अर्ज, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. दुसरी आमदारांच्या संपर्क कार्यालयातून. तिथे स्वीय सहायकाशी ओळख निघाली की लेटरहेडवर 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही व्हावी' अशा दोन ओळी मिळतात आणि फाइल हलते. निदान आता हलेल असे वाटू लागते. मंत्रालयाच्या खेपा घालणारे सगळेच काही वशिल्याचे तट्टू नसतात. बरेचसे स्वतःच्या हक्काच्या पैशासाठीच फिरत असतात.

नियमाच्या लेखी मात्र दोघे सारखेच. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1964 मधला विसावा नियम सांगतो की, कर्मचाऱ्याने आपल्या सेवेसंबंधीच्या बाबतीत वरिष्ठांवर राजकीय किंवा अन्य बाहेरचे वजन आणू नये. महाराष्ट्राच्या 1979 च्या वर्तणूक नियमांतही हीच मनाई आहे आणि शासकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापक-कर्मचाऱ्यांना ती थेट लागू होते. अनुदानित महाविद्यालयांतला प्राध्यापक नोकर संस्थेचा, पगार सरकारचा आणि सेवाशर्ती विद्यापीठाच्या, अशा तिहेरी कात्रीत असतो. पण 'योग्य मार्गाने या' हे वाक्य त्यालाही चुकत नाही. मनाई मुळात रास्तच आहे. ज्याच्या ओळखीचा आमदार नाही, त्याची पदोन्नती दुसऱ्याच्या पत्रामुळे मागे पडावी, हे कुणालाही पटणार नाही.

अडचण अशी की, या नियमावलीचा दंडुका भलत्याच पाठीवर पडतो. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात जुलै 2018 मध्ये शिक्षकांनी निदर्शने केली; वर्षभराने त्यांपैकी 48 जणांना आरोपपत्रे मिळाली आणि त्यासाठी आधार घेतला गेला तो सरकारी नोकरांच्या याच वर्तणूक नियमांचा. वास्तविक सरकारी नोकरांनी निदर्शनेच करू नयेत, असे सरसकट म्हणणारा बिहारचा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्येच, कामेश्वर प्रसाद खटल्यात, रद्द ठरवला होता. संपाचा हक्क न्यायालयाने मान्य केला नाही, निदर्शनांचा केला. तरीही उघड्यावर, चारचौघांत, फलक धरून उभा राहणारा नियमाच्या तावडीत सापडतो आणि बंद केबिनमध्ये पत्र सरकवणारा नामानिराळा राहतो. फलकाचे छायाचित्र निघते, पत्राचे निघत नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. 1983 मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले, आणि राजकारणी व संस्थाचालक या दोन भूमिका एकाच माणसात नांदणे हे इथे नवलाचे राहिले नाही. अशा संस्थेतल्या लिपिकाने लोकप्रतिनिधीला भेटायचे नाही म्हणजे काय? अध्यक्षांच्या केबिनमध्ये चहा घेऊन जायचे नाही? निवडणुकीच्या हंगामात याच कर्मचाऱ्यांना मतदारयाद्या घेऊन दारोदार फिरवले जाते, हे तालुक्याच्या गावात शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तेव्हा वर्तणूक नियमांची आठवण कुणाला होत नाही. अध्यक्ष कर्मचारी नसल्याने त्यांना तर नियमच नाही. ते नव्या तुकडीसाठी, अनुदानासाठी, पदभरतीच्या ना-हरकतीसाठी मंत्र्यांकडे कितीदा गेले, याची कुठेही नोंद नाही.

राज्यघटनेने शिक्षकांना आपले म्हणणे मांडायची एक सरळ जागा दिली आहे. अनुच्छेद 171 प्रमाणे विधान परिषदेच्या सुमारे एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडायच्या. महाराष्ट्राच्या 78 जणांच्या परिषदेत अशा सात आहेत. उमेदवार स्वतः शिक्षक असलाच पाहिजे, अशी अट मात्र नाही. आणि प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय परिचर, लेखापाल या शिक्षकेतरांना तेवढीही जागा नाही. त्यांनी निवेदन द्यायचे आणि पोच घेऊन परतायचे.

अमेरिकेत या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला आहे. 1995 च्या कायद्यानुसार, केंद्र सरकारकडे पाठपुरावा करण्यात ज्याचा तिमाहीतला 20 टक्के वा अधिक वेळ जातो आणि ज्याने एकापेक्षा अधिक वेळा असा संपर्क साधला आहे, तो नोंदणीच्या कक्षेत येतो. खासगी विद्यापीठेही त्यातून सुटत नाहीत. कोणत्या विधेयकांबाबत पाठपुरावा केला आणि त्यावर एकूण किती खर्च झाला, याचा तिमाही अहवाल द्यावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो. केंद्राच्या संशोधन अनुदानातला पैसा या कामाला वापरता येत नाही. प्राध्यापकाने नागरिक म्हणून आपल्या सिनेटरला खुशाल पत्र लिहावे, पण विद्यापीठाच्या लेटरहेडवर नको, हा दंडकही तिथे सर्रास आढळतो. यामुळे तिथले राजकारण पैशापासून सोवळे झाले, असे कुणी म्हणणार नाही. पण डिसेंबर 2012 मध्ये वॉलमार्टने भारतातल्या गुंतवणुकीसाठीही अमेरिकेत पाठपुरावा केल्यावरून आपली संसद दणाणली, ती त्या कंपनीने तिथल्या कायद्याप्रमाणे दिलेल्या हिशेबामुळेच. पुढे 2013 मध्ये आपल्याकडेही अशा नोंदींसाठी खासगी विधेयक आले. त्याचा कायदा झाला नाही.

महाराष्ट्राला नव्या कायद्यासाठी थांबण्याचेही कारण नाही. बदल्यांचे नियमन करणाऱ्या 2005 च्या कायद्याचे दुसरे अर्धे नाव दिरंगाईला प्रतिबंध असे आहे, आणि कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ राहू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हे पाळले गेले तर आमदारांच्या लेटरहेडची निम्मी मागणी आपोआप घटेल. उरलेल्या निम्म्यासाठी उच्च शिक्षण विभागाने एवढेच करावे: प्रत्येक सहसंचालक कार्यालयात येणारे शिफारसपत्र, मग ते आमदाराचे असो, मंत्र्याचे असो वा संस्थाध्यक्षाचे, आवक क्रमांक घालून फाइलला लावावे आणि कोणी, कोणासाठी, कोणत्या कामासाठी पाठवले, याची यादी दरमहा संकेतस्थळावर टाकावी. कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियमांतल्या मनाईची आठवण करून देणारी परिपत्रके त्यानंतर काढावीत.