सातव्या पावलानंतर

वर्धा जिल्ह्यातील केळझर म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी, अशी लोकश्रद्धा आहे. बकासुराकडे घरातील एकाला पाठविण्याची पाळी आली, तेव्हा पांडवांना आश्रय देणाऱ्या कुटुंबात विलक्षण वाद झाला. पती स्वतः जाण्यास सिद्ध झाला. पत्नीने आपणच जाणार, असा आग्रह धरला. भीमाचा पराक्रम समाजाच्या स्मरणात राहिला. हे दांपत्य मात्र विस्मरणात गेले.

चित्रपटांतील विवाह बहुधा मेंदी, संगीत आणि नृत्य यांतच रमतो. अक्षता पडल्या की पडदाही पडतो. संसार जेथे सुरू होतो, तेथेच कथा संपते! पुढचा संसार दाखविलाच, तर त्याग बहुधा एकट्या पत्नीच्या वाट्याला येतो. या माध्यमाला सत्य सांगता येत नाही, असे नव्हे. १९३७ साली ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ने जरठ-बाला विवाहावर आघात केला, संमतीविना लावलेले कुंकू संस्कार ठरत नाही, हे समाजाला जाणवून दिले.

हिंदू विवाह म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे, तो संस्कार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये बजावले. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार सप्तपदीचा विधी असेल, तेथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. आठवे पाऊल मात्र कोणताही कायदा शिकवीत नाही. चित्रपटातील मांडव घरोघरी उभारताना कुटुंबांनी एवढेच पाहावे, की एकचक्रेच्या त्या घरात ‘आधी मी’ म्हणणारे दोघे होते, एकटी पत्नी नव्हे.