शिक्क्याचा मोह

1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनात मिंटनच्या कारखान्याने मांडलेली, शिशाच्या रंगीत झिलईने झळकणारी मॅजोलिका भांडी ज्या अमेरिकेने प्रथम विलायतेहून मागविली, त्याच अमेरिकेत 1876 च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर लहानमोठ्या कारखान्यांनी हा जिन्नस सामान्य गृहस्थाच्या मेजावर आणून ठेवला. पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल येथे ग्रिफेन, स्मिथ आणि हिल यांनी 1879 पासून ‘एट्रस्कन’ नावाने काढलेली शिंपले व सागरी शैवालाच्या नक्षीची चहाची भांडी यांत विशेष ख्यातनाम झाली. आणि ए अँड पी या चहा-किराण्याच्या पेढीने तर या कारखान्याची भांडी बेकिंग पावडरच्या गिऱ्हाइकांना बक्षीस म्हणून वाटली.

साच्यातून काढलेली माती एकदा भाजावी, तिच्या उठावावर हाताने रंगीत झिलई चढवावी आणि ती पुन्हा भट्टीत घालावी, इतक्या साध्या कृतीतून जो पानाफुलांचा उत्सव निर्माण झाला, त्याचे मोल आजचे संग्राहक मात्र बहुधा तळाशी उमटलेल्या शिक्क्यावरून ठरवितात. वास्तविक अनेक लहान कारखान्यांनी आपल्या मालावर कसलीही मोहोर उठविली नाही. म्हणून त्यांचे कसब कनिष्ठ ठरविणे हा दफ्तरी न्याय झाला, रसिकतेचा नव्हे. संग्रहालयांनी या निनावी भांड्यांनाही नामांकितांच्या शेजारी जागा द्यावी. आणि ज्यांच्या घरी ती असतील त्यांनी, झिलईतील शिसे ध्यानी घेऊन, ती पाहावीत, जपावीत, परंतु त्यांतून जेवू नये.