मंद्राची जोड : सबवूफर आणि दोन स्पीकर यांचा मेळ

घरांतील दोन स्पीकरांच्या जोडीस सबवूफर जोडल्यापासून गाणें सुधारण्याऐवजीं बिघडलें, अशा आशयाचीं पत्रें आम्हांकडे अलीकडे वरचेवर येऊं लागलीं आहेत. एका वाचकांनीं लिहिलें आहे कीं, तंबोऱ्याचा खर्ज भरदार व्हावा म्हणून चिरंजिवांनीं हौसेनें सबवूफर आणला; परंतु आतां गवई खिडकीपाशीं आणि डग्गा खोलीच्या कोपऱ्यांत वाजतो, वडील मंडळी कपाळास आठ्या घालून उठून जातात, आणि वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाचा निरोप येतो तो निराळाच. पैसे तर बरेच पडले. आतां हें यंत्र विकून टाकावें काय, असा त्यांचा प्रश्न आहे. इतक्यांत विकूं नये, असें आमचें उत्तर आहे. बहुधा दोष यंत्राचा नसतो; त्याचें आणि जुन्या जोडीचें कामाचें वाटप कोणींच करून दिलेलें नसतें.

एकाच आमटींत दोन्ही जावांनीं मीठ घातलें तर ती खारट होते, आणि एकीनें दुसरीवर हवाला ठेवला तर अळणी राहते. स्पीकर व सबवूफर यांचें नेमकें असेंच होतें. मनुष्याचा कान सेकंदास २० पासून २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, असें मानतात. काळी एक मध्यें गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा सुमारें १३८ हर्ट्झला व खर्जाची तार सुमारें ६९ हर्ट्झला लागते. फडताळावर मावणारा लहान स्पीकर ७०-८० हर्ट्झच्या खालीं थकूं लागतो. त्याचा थकवा समजण्यासारखा आहे : तेवढाच आवाज एक सप्तक खालीं काढावयाचा तर पडद्यास चौपट हालावें लागतें. म्हणून खालचें ओझें त्याच्या डोक्यावरून उतरविलें, तर खर्ज तर मिळतोच, शिवाय मधले स्वरही अधिक स्वच्छ निघतात. हा दुसरा लाभ आमच्या मतें पहिल्याहून मोठा असून, पुष्कळ मंडळी जुने स्पीकर जसेच्या तसे पूर्ण ओझ्यानिशीं चालूं ठेवून त्यास मुकतात.

हें ओझें उतरविण्याचें साधन म्हणजे क्रॉसओव्हर फिल्टर, अर्थात् स्वरांची चाळणी. स्पीकरांकडे जाणाऱ्या वाटेवर खालचे स्वर अडविणारी एक चाळणी, आणि सबवूफरच्या वाटेवर वरचे स्वर अडविणारी दुसरी. कोणतीही चाळणी भिंतीसारखी एकाएकीं अडवीत नाहीं. ती उतार देते. साध्यांत साधी चाळणी दर सप्तकास ६ डेसिबल उतरते, त्याहून चढत्या प्रतीच्या १२, १८ व २४. स्टीफन बटरवर्थ यांनीं १९३० सालीं वर्णिलेली चाळणी ठरल्या कंपनसंख्येस ३ डेसिबल उतरलेली असते. दर सप्तकास २४ डेसिबलांच्या अशा दोन चाळण्या समोरासमोर ठेवल्या, तर भेटीच्या जागीं बेरीज ३ डेसिबलांनीं फुगते. म्हणजे आमटी खारट झाली. १९७६ सालीं झीगफ्रीड लिंकविट्झ यांनीं रसेल रायली यांच्या साह्यानें जी रचना पुढें मांडली, तींत प्रत्येक बाजू भेटीच्या जागीं ६ डेसिबल, म्हणजे बरोबर निम्म्यावर येते आणि दोन्हींच्या लाटा एकमेळानें चालतात. अर्धें अधिक अर्धें मिळून एक, इतका तो हिशेब सरळ आहे.

येथें एक मेख आहे, ती ध्यानांत ठेवावी. स्पीकरचें कॅबिनेट स्वतःही एक चाळणीच असतें. बंद कॅबिनेट आपल्या मर्यादेखालीं दर सप्तकास १२ डेसिबल उतरतें, आणि भोंक ठेवलेलें कॅबिनेट २४. पुष्कळ ॲम्प्लिफायर-रिसीव्हरांत स्पीकरांसाठीं १२ व सबवूफरसाठीं २४ डेसिबलांची चाळणी बसविलेली असते, तें यामुळेंच. बंद कॅबिनेटचे स्वतःचे १२ व चाळणीचे १२ मिळून २४ व्हावेत, असा तो संकेत आहे. तेव्हां बंद कॅबिनेट ८० हर्ट्झपर्यंत पोंचत असेल तर भेट तेथेंच ठरवावी. भोंकवालें मात्र ५० पर्यंत पोंचत असेल, तर भेट सप्तकभर वर, शंभराच्या आसपास ठेवणें बरें. मात्र ८० च्या वर गेलें कीं आवाज कोणत्या दिशेनें येतो हें कानास कळूं लागतें; मग सबवूफर स्पीकरांच्या जवळच ठेवला पाहिजे. वर उल्लेखिलेल्या पत्रांतील डग्गा कोपऱ्यांत कां गेला, हें यावरून वाचकांच्या ध्यानांत येईल : त्यांच्या सबवूफरचें बटण १५० वर आहे, असें त्यांनींच लिहिलें आहे. चाळणी रिसीव्हरमध्यें लावली असेल, तर सबवूफरच्या पाठीवरील बटण अगदीं वर चढवून ठेवावें, नाहींतर एकच पीठ दोनदां चाळलें जातें.

आतां वेळेचा मेळ. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारें ४.३ मीटर असते. सबवूफर आपल्या आसनापासून स्पीकरांपेक्षां दोनएक मीटर अधिक दूर असेल, तर एकाची लाट चढते त्या क्षणीं दुसऱ्याची उतरते, आणि दोघे मिळून कांहींच ऐकूं येत नाहीं. लोक मग सबवूफर मोठा करतात. हें म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकीं एकास अधिक ओरडावयास सांगण्यासारखें होय! खरा उपाय असा : ॲम्प्लिफायर बंद करून दोन्ही स्पीकरांच्या तारांचीं टोकें उलटीं लावावीं. मग भेटीच्या कंपनसंख्येचा एकसुरी नाद चालू करून, एकानें आसनावर बसावें व दुसऱ्यानें सबवूफरचें फेजचें बटण सावकाश फिरवावें. जेथें आवाज कमींत कमी होईल तेथें थांबावें, आणि पुन्हां यंत्र बंद करून तारा सुलट कराव्या. उलटे असतां जें एकमेकांस पुरतें खोडतें, तें सुलट केल्यावर पुरतें मिळतें. घरांत चार माणसें असल्याचा उपयोग अशा वेळीं होतो.

जागेचा प्रश्न यापेक्षांही बिकट आहे. १४ फूट लांबीच्या खोलींत त्या लांबीवर सुमारें ४० हर्ट्झची लाट जागच्या जागीं उभी राहते. भिंतीशीं बसलेल्यास ती घुमते, आणि बरोबर मध्यावर बसलेल्यास ती जवळजवळ ऐकूंच येत नाहीं. आजोबा भिंतीशीं व नातू मध्यें, मग मतैक्य होणार कसें? यावर एक गमतीचा पण पक्का उपाय आहे. सबवूफर श्रोत्याच्या आसनावर ठेवावा, खर्जाचें संगीत लावावें, आणि खोलीच्या कडेकडेनें अक्षरशः रांगत जावें. जेथें खर्ज सारखा व मोकळा ऐकूं येईल, तेथें मग सबवूफर न्यावा. ज्येष्ठांनीं हें काम मुलांकडे सोंपवावें. तीं तें आनंदानें करतात.

आवाजाचें प्रमाण शेवटीं, आणि तेंही कमीच ठेवावें. सबवूफर चालू आहे हें कळूं नये, पण बंद केला कीं कांहीं हरवलें असें वाटावें, इतपत. फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, हलक्या आवाजांत आपला कान खालच्या स्वरांस विशेष मंद होतो. म्हणून रात्रीं हळू लावलेलें गाणें पोकळ वाटलें तर त्यांत नवल नाहीं, आणि तेवढ्यासाठीं बटण चढवून सकाळीं तसेंच विसरूं नये.

सर्वांनाच सबवूफर हवा, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. तंबोऱ्याच्या तारेंत मूळ स्वरापेक्षां वरचे स्वयंभू स्वरच बलवान असतात, आणि त्यांवरून कान खालचा स्वर आपणच भरून काढतो. यामुळें चांगल्या लहान स्पीकरांवरही खर्ज ऐकल्याचें समाधान पुष्कळसें मिळतें. ज्यांचा संग्रह जुन्या तबकड्यांचा आहे, त्यांनीं तर हा खर्च करूंच नये. गौहरजान यांचें गाणें १९०२ सालीं प्रथम नोंदलें गेलें तें कर्ण्यांतून. विजेवरील ध्वनिमुद्रण १९२५ पासूनचें. कर्ण्याच्या काळांतील तबकड्यांत खर्ज जवळजवळ नाहींच. तेथें सबवूफर ऐकवील ती तबकडी फिरविणाऱ्या यंत्राची घरघर. पखवाज, अलीकडचा तबला, पाश्चात्त्य वाद्यवृंदांतील डबल बेस अथवा ऑर्गन यांच्या श्रोत्यांस मात्र योग्य मेळ घातल्यास खरोखर नवें कांहीं ऐकूं येतें.

राहिला वरच्या बिऱ्हाडाचा निरोप. खालचे स्वर भिंतींस व तक्तपोशीस फारसे जुमानीत नाहींत. सबवूफरखालीं रबराची जाड बैठक घातल्यानें जमिनींत उतरणारी थरथर कांहींशी कमी होते, पण हवेंतून जाणारा नाद थांबत नाहीं. तेव्हां वाचकांनीं वरील सर्व खटाटोप पुरा झाल्यावर एकदां वर जाऊन, त्यांच्याच दिवाणखान्यांत बसून आपलें गाणें ऐकावें, आणि रात्रीं किती वाजतां सबवूफर बंद करावयाचा तें तेथेंच चहा घेतां घेतां ठरवून यावें.