ओझरचं तेजस परदेशात विकायला कोणाची परवानगी लागेल?

नाशिकजवळच्या ओझरमध्ये, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) कारखान्यात तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए लढाऊ विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात झेपावलं. इथे वर्षाला ८ विमानं बांधता येतील. मित्रदेशांना तेजस विकण्याचे भारताचे प्रयत्नही जुनेच आहेत. मग घोडं अडतंय कुठे?

पहिला प्रश्न इंजिनाचा. तेजसचं एफ-४०४ इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं आहे. त्यामुळे हे विमान तिसऱ्या देशाला द्यायचं, तर अमेरिकेची संमती लागते. शिवाय २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिलं हाती आलं ते मार्च २०२५ मध्ये.

सुट्या भागांमागेही राजकारण असतं. दक्षिण कोरियाला एफए-५० विमानं अर्जेंटिनाला विकायची होती. पण त्यात ब्रिटिश भाग होते आणि फॉकलंड बेटांचा वाद जुना. २०२० मध्ये ब्रिटनने आडकाठी केली आणि व्यवहार बारगळला. तेजसमधली वैमानिकाची इजेक्शन सीटही ब्रिटिश कंपनीचीच आहे.

तिसरा प्रश्न वेळेचा. भारतीय हवाई दलानेच २०२१ मध्ये ८३ आणि २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांची मागणी नोंदवली. दुसऱ्या कराराची किंमत कर वगळून ६२,३७० कोटी रुपये आहे. घरचीच रांग एवढी लांब असताना परदेशी ग्राहक किती थांबणार? तेजस स्पर्धेत असूनही मलेशियाने २०२३ मध्ये कोरियन विमान निवडलं.

तरीही निर्यात ओझरसाठी महत्त्वाची आहे. हवाई दलाची मागणी कधीतरी पूर्ण होईल. त्यानंतर कारखान्याला काम हवं असेल, तर बाहेरचे ग्राहक आतापासूनच शोधावे लागतील. त्या शोधाची एक किल्ली मात्र वॉशिंग्टनकडे राहील.