आमच्याकडे चालत नाही

भाड्याने घर शोधणाऱ्याला मुंबई-पुण्यात ‘तुम्हाला देणार नाही’ असे तोंडावर सहसा कोणी म्हणत नाही. एजंट फोनवर विचारतो, “पूर्ण नाव काय म्हणालात?” आडनाव ऐकून जरा थांबतो. मग “नॉनव्हेज वगैरे?” आणि शेवटी, “मालकांचं तसं काही नसतं हो, पण सोसायटीत चालत नाही. जागा बहुतेक गेलीच आहे, बघून सांगतो.” झाली मनाई. करणारा मात्र सापडत नाही. मालक सोसायटीकडे बोट दाखवतो, सोसायटी सभासदांकडे, आणि सभासद म्हणतात, पहिल्यापासून तसंच आहे.

लिफ्टजवळची पाटी निदान उघड बोलते: ‘घरकाम करणाऱ्यांनी या लिफ्टचा वापर करू नये.’ खाली कारण नसते. गर्दी होते असे लिहावे, तर नियम पाहुण्यांनाही लावावा लागेल. खरे कारण न लिहिताच सगळ्यांना कळते, या भरवशावर पाटी टांगलेली असते. गच्चीत पापड वाळत घालू नयेत, यालाही कोणी कारण देत नाही, हे कबूल. पण ते पापड कोणाचे, हे तिथे विचारत नाहीत.

या भरवशाला एकदा कोर्टात उभे राहावे लागले होते. महाडचे चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ साली केला होता. तरी अस्पृश्यांनी तिथे पाणी भरायचे नाही, हे गावात कोणाला लिहून द्यावे लागले नव्हते. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी ते पाणी प्याले, तेव्हा कुठे ही मनाई शब्दांत मांडणे भाग पडले. सवर्णांनी दावा लावला आणि अनादी काळापासूनची वहिवाट सांगितली. सांगितली, पण शाबीत करता आली नाही. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या विरुद्ध निकाल दिला.

सोसायट्यांच्या कमिट्यांना म्हणूनच एक विनंती आहे. ‘चालत नाही’ म्हणायचे असेल, तर ते का आणि कोणाला, हे लेटरहेडवर लिहा आणि खाली सेक्रेटरींची सही घ्या. सही करायला ते तयार नसतील, तर पाटी उतरवा.